निर्णय घ्यायच्या आधी ग्राइंडरपुढचे क्रेट मोजा

सकाळी शॉपमध्ये शिरले की मी आधी मशीन बघत नाही, मशीनपुढे साचलेले क्रेट बघते. भोसरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात सतरा वर्षं प्लॅनिंग करतेय. गिअरबॉक्सचे शाफ्ट बनतात. बार कापायचा, सीएनसीवर (संगणकी मशीनवर) टर्निंग म्हणजे गोल कापणं, मग हॉबिंग म्हणजे दाते पाडणं, मग बाहेर भट्टीवाल्याकडे हीट ट्रीटमेंटला, म्हणजे तापवून कठीण करायला पाठवायचं, परत आल्यावर ग्राइंडिंग म्हणजे घासून नेमक्या साइजला आणणं, तपासणी आणि डिस्पॅच. नव्याने सुपरवायझर झालेल्यांना किंवा स्वतःचं वर्कशॉप सांभाळणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून माझी पद्धत लिहिते.

पहिलं काम म्हणजे रांग कुठे आहे ते शोधणं. कागदावर शोधू नका, फिरून क्रेट मोजा. तीन दिवस रोज त्याच वेळेला मोजलेत की कळतं. आमच्याकडे रांग ग्राइंडरपुढे असायची. ८ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. जेवण आणि दोन चहा वजा केले की ४३० उरतात. एका शाफ्टला ५ मिनिटं लागतात, म्हणजे पाळीला ८६ पीस, दोन पाळ्यांना १७२. बाकीची मशीनं कितीही पळवली तरी दिवसाला १७२ च्या वर माल बाहेर पडत नाही.

हे कळायच्या आधी आम्ही एक महागडा निर्णय घेतला होता. कर्ज काढून टर्निंगचं दुसरं मशीन आणलं. हिशोब मीच केला होता: पीसमागे टर्निंगचा खर्च किती उतरेल, हप्ता किती वर्षांत फिटेल. टर्निंग खरंच दीडपट झालं. डिस्पॅच मात्र होतं तेवढंच राहिलं. ग्राइंडरपुढे क्रेटवर क्रेट चढले, पीसना गंज धरू नये म्हणून तेल मारायला माणूस ठेवावा लागला आणि हप्ता सुरूच होता. त्या हिशोबातला एकही आकडा चुकीचा नव्हता. मी तो एका मशीनपुरता मांडला होता, एवढीच चूक होती, पण ती फार महाग पडली.

म्हणून आता किंमत काढायची ती ज्या मशीनपुढे रांग आहे त्याच्या तासाची. आमच्या एका शाफ्टचं उदाहरण घ्या. विक्री ३१० रुपये, माल १२०, हीट ट्रीटमेंट ३०. हातात राहतात १६०. तासाला १२ पीस, म्हणजे ग्राइंडरचा एक तास १,९२० रुपयांचा. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर द्यावा लागतो, तरी ग्राइंडरवर तो परवडतो. हॉबिंगवर तोच ओव्हरटाइम दिला तर हातात एक रुपयाही जास्त येत नाही, कारण तो पीस पुढे जाऊन रांगेतच बसतो. ग्राइंडरचं सेटिंग बदलायला ९० मिनिटं जातात, म्हणजे १८ पीस, २,८८० रुपये. "आज दुपारी जरा दुसरा साइज घालून द्या ना" असं कोणी म्हटलं की मी हा आकडा सांगते. मग बहुतेक वेळा तो साइज उद्या सकाळी चालतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका खात्याचा निर्णय दुसऱ्याच्या अंगावर कसा येतो, ते बघायला शिका. आमच्या टर्निंगवाल्यांनी एकदा इन्सर्ट (टूलचं कापणारं, झिजलं की बदलायचं टोक) जास्त वेळ वापरायचं ठरवलं. टूलचा खर्च कमी होणार होता, हेतू चांगलाच होता. इन्सर्ट झिजला की साइज सरकतो, म्हणून ते ग्राइंडिंगसाठी व्यासावर ०.३० मिमीऐवजी ०.५० मिमी माल सोडायला लागले. ग्राइंडिंग ५ वरून ७ मिनिटांवर गेलं आणि पाळीला ८६ चे ६१ पीस झाले. २५ पीस गुणिले १६०, म्हणजे पाळीमागे ४,००० रुपये गेले, वाचले ते काही इन्सर्टचे. शिवाय आमचं मटेरियल २०एमएनसीआर५ जातीचं पोलाद, हीट ट्रीटमेंटनंतर त्याला वरून ०.८ मिमी कठीण थर. ०.३० सोडलं तर दर बाजूने ०.१५ घासला जातो, ०.६५ उरतो. ०.५० सोडलं तर ०.५५ उरतो, आणि ड्रॉइंगला किमान ०.६ लागतो. ग्राइंडिंग होऊनही सगळा लॉट क्वालिटीने अडवला. टर्निंगच्या रिपोर्टमध्ये मात्र त्या आठवड्यात बचत दिसत होती!

ग्राइंडिंगवरच्या मामांच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. त्यांना विचारायला कोणी गेलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून सव्वानऊची मीटिंग केबिनमध्ये होत नाही, ग्राइंडरजवळ उभ्याने होते. पंधरा मिनिटं. टर्निंग, क्वालिटी, स्टोअर, मेंटेनन्स, डिस्पॅच आणि मामा. पांढऱ्या बोर्डवर प्रत्येक बदलाच्या चार गोष्टी लिहायच्या: काय बदलतोय, कोण बदलतोय, कधीपासून, आणि कोणाला झळ पोचेल. चौथ्या रकान्यात ज्याचं नाव आहे त्याने "हो" म्हटल्याशिवाय बदल नाही. पुढच्या तीन दिवसांचा प्लॅन गोठवलेला. तो फक्त गिऱ्हाईकाची लाइन थांबत असेल तरच मोडायचा, आणि मोडताना ९० मिनिटांची किंमत बोर्डवर लिहायची.

लॉटचा आकारही तिथेच ठरतो. टर्निंगला ६०० चा लॉट आवडतो, सेटिंग एकदाच करावं लागतं. पण अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेलं साधं सूत्र आहे: आत अडकलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल, म्हणजे थांबण्याचे दिवस. रांगेत १,२०० पीस असतील तर १७२ ने भागा, सात दिवस. ६०० असतील तर साडेतीन. टर्निंग ६०० चं करा हवं तर, पण हीट ट्रीटमेंटला माल दीडशे-दीडशेच्या चलनाने (माल पाठवायच्या पावतीने) पाठवा. भट्टीवाल्याशी आधी बोलून घ्या, त्यालाही भट्टी भरायला पुरेसं वजन लागतं.

सुट्ट्या जुळवायला विसरू नका. आम्ही आणि भट्टीवाला गुरुवारी बंद, गिऱ्हाईक रविवारी. त्याच्या शेड्यूलवर शुक्रवारी सकाळी टेम्पो लिहिला असेल, तर आमच्यासाठी ग्राइंडिंग बुधवारी रात्रीच संपलेलं हवं.

तपासणी रांगेच्या आधी ठेवा. हीट ट्रीटमेंटमध्ये वाकलेला शाफ्ट ग्राइंडरवर चढवून मग रिजेक्ट करणं म्हणजे पाच मिनिटं गेली ती गेलीच. आम्ही भट्टीतून आलेला प्रत्येक पीस डायलखाली (वाक दाखवणाऱ्या काट्याच्या गेजखाली) फिरवून बघतो, वाकलेले प्रेसवर सरळ करायला बाजूला काढतो.

आणि क्रेट मोजणं थांबवू नका. मार्चमध्ये नवा शाफ्ट आला, त्याचे दाते जास्त. रांग हॉबिंगपुढे सरकली. दुसऱ्या दिवशी आम्ही बोर्ड उचलून तिकडे नेला, आणि मीटिंगला हॉबिंगच्या ऑपरेटरला बोलावलं.