सारणाचा पराठा पातळ हवा, पण फाटायला नको

उंड्यात सारण भरून पातळ लाटायला गेलं की पराठा फाटतो. त्यापेक्षा दोन पोळ्यांमध्ये सारण घाला.

१. कणीक पोळीपेक्षा किंचित सैल भिजवून अर्धा तास झाका.
२. दोन छोट्या लाट्या पुरीएवढ्या लाटा.
३. एकीवर गार सारण पसरा, कडेला बोटभर जागा सोडा. कडेवर पाण्याचं बोट फिरवून दुसरी वर ठेवा, दाबा.
४. पीठ भुरभुरून हलक्या हाताने लाटा, जोर कडेकडेने.

उकडलेला बटाटा कुस्करू नका, किसा. एक गुठळी राहिली तरी नेमकं तिथेच भोक पडतं. मुळा किंवा कोबी असेल तर मीठ लावून घट्ट पिळा (ते पाणी कणकेत चालतं, मग कणकेत मीठ बेतानेच). सारण कोमट असतानाही भरू नका, पोळी लगेच ओली होते.