डायनोवरचा आकडा वाचताना

कंपनी सांगते ती ताकद इंजिनच्या क्रँकवरची (इंजिनची शक्ती बाहेर देणारा दांडा). रोलरवाला डायनो (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) मोजतो चाकांवरची. मधली ताकद गिअरबॉक्स, डिफरन्शियल (चाकांना शक्ती वाटून देणारे गिअर) आणि टायर खातात. ‘चाकांवरच्या आकड्यात सरसकट १५ टक्के मिळवा’ हा गॅरेजमधला हिशोब मला पटत नाही. तूट गाडीगणिक आणि वेगागणिक बदलते. त्यापेक्षा ट्यूनिंगआधी आणि नंतर त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये (१:१ च्या जवळचा, बहुधा चौथा), टायरची हवा आणि गाडी बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण तोच ठेवून तीन-तीन रन (मोजणीच्या फेऱ्या) घ्या. इंजिन दोन्ही वेळा सारखंच तापलेलं हवं. छापील कागदावर करेक्शन (हवामानानुसार आकड्यात केलेली दुरुस्ती) नक्की बघा; एसटीडी आणि एसएई या त्याच्या दोन पद्धती: एसटीडीचा आकडा एसएईपेक्षा साधारण ४ टक्के फुगलेला दिसतो. शिवाय एककही बघा: १०० एचपी (हॉर्सपॉवर) म्हणजे १०१.४ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर)!