पाऊस ओसरताना: सह्याद्रीतल्या एका ओढ्याच्या नोंदी कशा ठेवाव्यात

गणपती गेले की घाटमाथ्यावरची पक्षी-किड्यांची वस्ती दर आठवड्याला बदलते. ती टिपायला दहा किल्ले पालथे घालू नका. निदान डिसेंबरपर्यंत वाहणारा एक ओढा आणि काठची किलोमीटरभर वाट पक्की करा. कोजागरीपर्यंत दर रविवारी तिथंच, सकाळी साडेसहा ते नऊ. वहीत तिथी नको, तारीख लिहा. अधिक महिना आला की कोजागरी सुमारे एकोणीस दिवसांनी पुढे सरकते आणि तुलना फसते.

आधी कान लावा. पावसाळाभर पहाटे शीळ घालणारा शीळ कस्तूर पक्षी आता गप्प होत जातो. त्याच ओढ्यात सप्टेंबरात करडा धोबी हा हिवाळी पाहुणा उतरतो: पाठ करडी, पोटाखाली पिवळा, शेपटी सतत खालीवर. नवखे नेमके इथं चुकतात. काळा-पांढरा मोठा धोबी दिसला की ‘पाहुणे आले’ लिहून मोकळे! तो बारमाही इथलाच. आणि धोबी आला नसेल त्या रविवारी ‘नाही’ असंही लिहा, नाहीतर तो पहिल्यांदा दिसल्याच्या तारखेला अर्थ उरत नाही.

चातकाचं उलट, त्याची जायची तारीख हवी. सातभाईंच्या घोळक्यात तुरेवालं, मळकट पिल्लू चोच वासून मागे लागलेलं दिसेल, ते चातकाचं; चातक अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. मोठे गेल्यावरही पिल्लं रेंगाळतात, म्हणून दोघांची नोंद वेगळी करा.

वाटेवर आडवी, तोंडाच्या उंचीवर जाळी असतात, ती जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याची. उन्हाच्या तिरिपेत धागा सोनेरी चमकतो. मधोमध बोटभर लांबीची मादी. वरच्या कडेला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा लालसर कोळी दिसतो, त्याला पिल्लू समजू नका, तो नर. जाळं काठीनं बाजूला सारू नका, वाकून जा. पुढच्या रविवारी तीच मादी तिथंच असली तर नर किती जमले तेही मोजता येतात.

सोनकीची पिवळी फुलं फुलली की कड्यावरच्या आग्या मोहोळांची वर्दळ वाढते. त्या दिवशी अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. एखादी माशी डोक्याशी घोंघावू लागली तर हात झटकू नका. तोंड झाकून आल्या वाटेनं परत फिरा.