कळसूबाईला एकटं जाताना

कळसूबाईवर एकटीने गेलेली पहिली बाई म्हणजे खुद्द कळसू. इंदोरे गावात ती एका घरी कामाला होती. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, ही तिची अट. एके दिवशी तिला बळेच भांडी घासायला लावली, तेव्हा ती जी निघाली ती थेट डोंगरावर गेली, अशी कथा सांगतात. जाताना कुणाला सांगून गेली नाही. तेवढं सोडून बाकी तिचा कित्ता गिरवायला हरकत नाही.

1646 मीटर उंचीचं हे शिखर राज्यातलं सर्वांत उंच. तरी एकट्याच्या पहिल्या ट्रेकसाठी मी हेच सुचवते, कारण अकोले तालुक्यातल्या बारी गावातून जाणारी वाट मळलेली आहे आणि कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत.

दिवस निवडा. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, शक्यतो आठवड्याच्या मधला वार. पावसाळी रविवारी शिडीखाली रांग लागते. त्याला एकटं जाणं म्हणायचं की लोकलचा प्रवास, तुम्हीच ठरवा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात दुपारनंतर ढग गडगडायला लागले, की उघडा माथा आणि लोखंडी शिड्या या दोन्ही जागा वाईट. त्या दिवसांत जाऊच नका. सूर्योदयासाठी रात्री चढण्याची हौस पहिल्या खेपेला नको.

घरच्या एका माणसाला कामाला लावा. एकट्याच्या ट्रेकमधली ही सगळ्यात मोठी तयारी, आणि हीच सगळे टाळतात. ‘ट्रेकला चाललोय’ एवढं पुरत नाही. कागदावर लिहून द्या: कुठल्या वाटेने जाणार, किती वाजता निघणार, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची आणि मग कुणाला फोन करायचा. बारीत ज्यांच्याकडे उतराल त्यांचा नंबर त्यात हवा आणि आपत्कालीन 112 सुद्धा. आदल्या रात्री गावात मुक्काम केलात तर उत्तम. पिठलं-भाकरी मिळते, शिवाय सकाळी कोण वर गेलंय हे गावाला माहीत असतं. वाटेत रेंज येते-जाते, त्यामुळे ‘लोकेशन पाठवते’ यावर विसंबू नका.

सॅक. तीन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, गूळ-शेंगदाणे, दशम्या, हेडटॉर्च, शिट्टी, क्रेप बँडेज, पॉवर बँक, वाऱ्यासाठी जाकीट. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, पण तिच्या भरवशावर कमी पाणी नेऊ नका. टपऱ्या आहेत, पण आडवारी उघड्या असतीलच असं नाही. खाऊ पिशवीत लटकवलात तर माकडं ती पिशवीसकट नेतील.

सातला चालायला लागा. गाव मागे टाकून शेतांमधून वाट वर चढते. अंग गरम होईपर्यंत मुद्दाम हळू चाला. सोबत कुणी नसलं की पाय आपोआप पळतात आणि पहिल्याच चढाला धाप लागते. जिथे वाट फुटते तिथे थांबून मागे वळून बघा आणि फोटो काढा. उतरताना दिसणारी वाट चढताना दिसलेली नसते.

हे मी चुकून शिकले. पहिल्या खेपेला उतरताना गुरांच्या वाटेला लागले आणि संधिप्रकाशात भाताच्या खाचराच्या बांधावर येऊन उभी राहिले. फोन बंद पडलेला. सरपणाची मोळी घेतलेल्या एका आजीने मला खालून वर न्याहाळलं. ‘एकलीच आलीस व्हय? तो देवळाचा दिवा दिसतोय ना, त्याच्या रोखानं जा.’ वीस मिनिटांत गावात होते. हेडटॉर्च सॅकच्या तळाशी होता, तो तेव्हापासून वरच्या कप्प्यात असतो.

शिड्या. काठी सॅकला बांधा, मोबाइल खिशात टाका, दोन्ही हात मोकळे ठेवा. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवा. उतरताना तोंड शिडीकडेच. पायऱ्या जिन्यासारख्या वाटल्या तरी जिन्यासारखं उतरू नका. दंव पडलेलं असेल तर लोखंड घसरतं, ऊन येईपर्यंत थांबा. तुम्हाला कुणी घाई करत नाहीये.

परतीची वेळ आधीच ठरवा. बारीहून माथ्यापर्यंत अडीच ते चार तास धरा. एक वाजला आणि माथा आला नसेल, तर असाल तिथून मागे फिरा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सोबतीला कुणी असलं की ‘चल रे, परत फिरू’ म्हणतं. इथे ते घड्याळाने म्हणायचं. पाय मुरगळला, पोट बिघडलं, तरी तोच नियम.

माथ्यावर देवीचं लहानसं मंदिर आहे. वारा मात्र उभं राहू देत नाही, म्हणून मंदिराच्या आडोशाला टेका. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे किल्ले ओळीने उभे दिसतात, खाली भंडारदऱ्याचं पाणी. खाऊन घ्या, अर्धा तास बसा. मग उतरणीला लहान पावलं टाका. लांब ढांगा टाकल्यात तर बारी येईपर्यंत गुडघे बोलायला लागतील.

आणि गावात पोचलात की आधी घरी फोन. मागच्या खेपेला मी आधी चहा घेतला. दुसरा कप संपेपर्यंत आईने त्या कागदावरचा बारीचा नंबर फिरवला होता, आणि टपरीवाल्या दादांनी आपला फोन माझ्या हातात दिला.