शार्क, मांटा आणि डॉल्फिन पाहण्यासाठी डाइव्ह करताय? या चुका टाळा

मालवण-तारकर्लीला स्कूबासाठी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "शार्क दिसेल ना?" सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रशिक्षकाने धरून नेलेल्या छोट्या डाइव्हमध्ये प्रवाळ आणि त्याभोवतीचे रंगीत मासे दिसतात, मांटा रे (पंखांसारखे रुंद कल्ले असलेला मोठा, चपटा मासा) पाहायचा असेल तर लक्षद्वीप किंवा मालदीवचा रस्ता धरावा लागतो. 'हमखास शार्क' असे सांगून गिऱ्हाईक गोळा करणाऱ्याकडे पैसे भरणे, ही पहिली चूक.

सर्वांत जास्त वेळा घडणारी आणि मला सर्वांत जास्त खटकणारी चूक म्हणजे प्राण्याच्या मागे पोहत सुटणे. मांटा ठरावीक खडकांवर येतो तो लहान माशांकडून अंगावरचे परजीवी टिपून घेण्यासाठी, आणि कोणी आडवे आले नाही तर तिथेच संथपणे घिरट्या घालत राहतो. मालदीवमध्ये अशाच एका खडकापाशी आमचा कोकणातला गट प्रवाळाला न टेकता कडेला थांबला होता. मांटा पुढच्या फेरीसाठी वळत असतानाच, नुकतेच प्रमाणपत्र मिळवलेला एक तरुण कॅमेरा पुढे धरून थेट त्याच्या डोक्यावर गेला. बुडबुडे अंगावर येताच मांटाने पंख कलता केला आणि तो खोल पाण्यात निघून गेला. तरुण मात्र प्रवाहाविरुद्ध फिन्स मारत त्याच्या मागे लागला. त्याला धाप लागली होती, टाकीतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवरचा काटा ५० बारच्या, म्हणजे राखीव हवेच्या पातळीच्या, खाली उतरला होता आणि त्याचे लक्ष अजूनही कॅमेऱ्यात होते. मी त्याला बीसीडीला (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटला) धरून थांबवले, माझ्या टाकीतली हवा घेता यावी म्हणून माझा पर्यायी रेग्युलेटर (श्वास घेण्याची तोंडात धरायची नळी) दिला, ५ मीटरवर ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधीचा सुरक्षिततेचा थांबा) घेतला आणि त्याला वर आणले. गटातील इतरांचीही डाइव्ह तिथेच संपली.

माझा क्रम ठरलेला आहे : आधी गेज, मग जोडीदार, मग मासा. हात छातीशी, श्वास लांब, आणि मांटाच्या वाटेच्या बाजूला, त्याच्या पातळीच्या खाली थांबणे. तीन-चार दिवसांत ओपन वॉटर हे डाइव्हिंगचे सुरुवातीचे प्रमाणपत्र मिळते, १८ मीटरपर्यंत उतरण्याची मुभाही मिळते. परंतु एका जागी स्थिर तरंगता येण्यासाठी सराव लागतो. तो करण्याइतका धीर नसलेल्याने मांटाच्या डाइव्हसाठी जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणत्याही प्राण्याला स्पर्श करू नये. त्वचेवरचा संरक्षक चिकट थर निघून जातो. फ्लॅश बंद ठेवावा. व्हेल शार्कच्या अंगापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर अंतर राखावे.

शार्क दिसताच घाबरून श्वास रोखून वर धावणे हे शार्कपेक्षा कितीतरी धोकादायक आहे, कारण वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुस फाटू शकते. श्वास चालू ठेवावा, शार्कला नजरेसमोर ठेवावे आणि ती वळून जाईपर्यंत हातपाय झाडू नयेत.

डॉल्फिनच्या बाबतीत चूक पाण्याबाहेरच सुरू होते. देवबागला, कर्ली नदीच्या मुखाजवळ, हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यात असतात आणि मासे शोधण्यासाठी ध्वनीवर अवलंबून असतात. चार होड्यांनी इंजिने चालू ठेवून त्यांना घेरले की त्यांची शिकार मोडते. अशा वेळी होडीतून उडी मारणाऱ्याला गढूळ पाण्याशिवाय काही दिसत नाही, आणि फिरता पंखा जवळच असतो. तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) इंजिन बंद करायला सांगावे आणि होडीतच बसून राहावे. डॉल्फिन स्वतःहून जवळ आले तर उत्तम, नाही आले तरी तक्रार करू नये.

तारीख सुट्टीवरून ठरवू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरात असतो आणि पाणी ढवळलेले असते. मी अष्टमीच्या आसपासचे भांगाचे (कमी भरती-ओहोटीचे) दिवस निवडतो. लक्षद्वीप किंवा मालदीवहून परततानाही तिकीट काढण्याआधी हिशेब करावा : एकाहून अधिक डाइव्ह झाल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये.