हायकूवर गो चालवायचीय? या चुका टाळा

बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वळणावर बांधलेली हायकू ही ऑपरेटिंग सिस्टिम एकदा वापरली की सोडवत नाही. अडचण एवढीच, की गो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सिस्टिम्सच्या अधिकृत यादीत तिचं नाव नाही, त्यामुळे कंपायलरपासून (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवतो तो) सगळं आपणच उभं करायचं. ऐरोलीच्या घरी गेले काही महिने दर शनिवारी मी हाच उद्योग करतोय. ज्या खड्ड्यांत पडलो ते इथे लिहून ठेवतो. तुमची सिस्टिम दुसरीच कुठली तरी अडनिडी असली, तरी खड्डे साधारण हेच.

पहिला शनिवार मी हायकूवरच कंपायलर बांधण्याच्या नादात घालवला. १.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, गोचा कंपायलर गोमध्येच लिहिलेला आहे. गो बांधायला आधी गो हवी, आणि तीच तर नाहीये. सी-मधल्या जुन्या १.४ पासून चढत जायचा मोह होतो, पण मग रनटाइमची (प्रत्येक गो प्रोग्रॅमसोबत चालणाऱ्या आधार-कोडची) तीच झटापट दोनदा करावी लागते, शिवाय १.२० आणि पुढच्या आवृत्त्या १.४ ने बांधल्याच जात नाहीत. त्यापेक्षा लिनक्सवर बसा. गोच्या सोर्समध्ये बूटस्ट्रॅप.बॅश नावाची स्क्रिप्ट याच कामासाठी ठेवलेली आहे. नवी सिस्टिम आणि प्रोसेसर सांगितला की ती तयार फोल्डर हातात देते, तो उचलून हायकूवर न्यायचा.

त्याआधी 'हायकू' हे नाव गोला माहीत असलेल्या सिस्टिम्सच्या यादीत घाला. फाइलच्या नावाला '_लिनक्स' असं शेपूट असलं की गो ती फाइल फक्त लिनक्ससाठी धरते. यादीत नसलेलं शेपूट मात्र तिला शेपूट वाटतच नाही, आणि फाइल सगळीकडे कंपाईल होते. आपण हायकूसाठी लिहितोय आणि बोंबलतोय लिनक्सचा बिल्ड, 'रीडिक्लेअर्ड' (तेच नाव दोनदा) म्हणून, असं झालं की आधी ही यादी बघा. १.१९ पासून 'युनिक्स' हा टॅगही (फाइल कुठल्या सिस्टिम्ससाठी ते सांगणारी खूण) आहे, त्याच्या यादीतही नाव हवं.

पुढची चूक मोठी: थेट सिस्टिम कॉल मारणं, म्हणजे मधल्या लायब्ररीला वगळून सिस्टिमच्या गाभ्याकडे काम मागणं. लिनक्सवर कॉलचे नंबर कायमचे ठरलेले असतात, म्हणून तिथे गो सी लायब्ररीला विचारत नाही. हायकूत ते नंबर सिस्टिम बांधताना तयार होतात आणि पुढच्या बिल्डमध्ये बदलू शकतात. इतरांनीही हा मार खाल्लाय. २०१६ मध्ये मॅकओएस सिएराने वेळ विचारायच्या कॉलची रीत बदलली आणि जुने गो प्रोग्रॅम कोसळायला लागले. गो १.१२ पासून मॅकवर सिस्टिमच्या लायब्ररीतूनच जाते. हायकूतही लिबरूटमधूनच, म्हणजे तिच्या सी लायब्ररीतूनच जा. नमुन्यासाठी सोर्समधला सोलारिस किंवा एआयएक्स या युनिक्स सिस्टिम्सचा रनटाइम उघडा, लिनक्सचा नको. सॉकेटची फंक्शन्स मात्र लिबरूटमध्ये नाहीत, ती लिबनेटवर्कमध्ये आहेत.

लायब्ररीतून जायचं म्हटलं की दोन पथ्यं आली. गोरुटीनचा (गोच्या हलक्या थ्रेडचा) स्टॅक, म्हणजे फंक्शन्सची कामाची मेमरी, २ केबीपासून सुरू होतो. सी-चं फंक्शन त्यावर चालवलं तर ते शेजारची मेमरी तुडवतं आणि क्रॅश भलतीकडेच दिसतो. म्हणून आधी थ्रेडच्या मोठ्या स्टॅकवर जायचं, मग कॉल. आणि एररनंबर (काय बिघडलं ते सांगणारा आकडा) लगेच, त्याच थ्रेडवर वाचायचा. नंतर वाचला तर दुसऱ्याचाच निघतो.

आता सगळ्यात जास्त शनिवार खाल्लेली चूक. मी लिनक्सची आकड्यांची फाइल (फ्लॅग, एरर, सिग्नल यांचे नंबर असतात ती) कॉपी करून नाव बदललं होतं. 'पॉझिक्स तर आहे, आकडे तेच असणार!' पॉझिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं सामाईक मानक, नावं ठरवतं हो, आकडे नाही. ठाण्याला दहा नंबरवरून वाशीची गाडी सुटते म्हणून तुर्भ्याला उतरून दहा नंबर शोधावा, तसं झालं.

लॉगची फाइल जोडून लिहिण्यासाठी उघडत होतो, नसली तर बनव असं सांगून. उत्तर आलं: एरर २१४७५०८२२७. असला एररनंबर मी जन्मात पाहिला नव्हता. रात्री घणसोलीच्या मित्राला स्क्रीनचा फोटो पाठवला. त्याचा फोन आला, "अरे, हेक्समध्ये बघितलास का?" सोळाच्या पायावरच्या त्या आकड्यांत बघितलं तर ८०००६००३. हायकूत एररनंबर उणे असतात. 'फाइल सापडली नाही' म्हणजे उणे २१४७४५९०६९. मी ती ३२ बिटांची किंमत ६४ बिटांच्या रजिस्टरमध्ये उण्याचं चिन्ह न पसरवता उचलली होती, म्हणून ती अधिक झाली. याच कारणाने एररच्या मजकुरांचं टेबल साध्या अ‍ॅरेत बसत नाही, मॅप करावा लागतो. आणि 'शून्यापेक्षा मोठा असेल तरच एरर' असं कुठे लिहून ठेवलं असेल तर ते खणून काढा.

एवढं दुरुस्त केलं, पण प्रश्न उरलाच. बनव सांगितल्यावर 'सापडली नाही' कसं म्हणते? कंटाळून फाइल हाताने बनवली. प्रोग्रॅम चालला, पण दर वेळी जुना लॉग साफ! लिनक्समध्ये 'बनव' म्हणजे हेक्स ४०, आणि हायकूत ४० म्हणजे क्लोज-ऑन-एक्झेक (दुसरा प्रोग्रॅम सुरू होताना फाइल बंद कर). लिनक्सचं 'जोडून लिही' ४००, हायकूत ४०० म्हणजे 'आधी रिकामी कर'. मी इमानदारीत सांगत होतो की बनवू नकोस आणि असेल ते पुसून टाक.

सिग्नलचीही तीच गत. लिनक्सचा ७ म्हणजे सिगबस (मेमरी चुकीची वापरल्याचा सिग्नल), हायकूचा ७ सिगपाइप (पाइपचं दुसरं टोक बंद झाल्याचा). तेव्हा हे आकडे हाताने लिहूच नका. हायकूवर दहा ओळींचा सी प्रोग्रॅम लिहा, हेडर फाइल्स जोडा, आणि प्रत्येक आकडा, प्रत्येक स्ट्रक्चरचा आकार आणि आतल्या फील्डची जागा छापून घ्या. तेच छापील पान समोर ठेवून गोची फाइल भरा. हायकूच्या डायरेक्टरी-नोंदीत फाइलचा प्रकार सांगणारं फील्डच नाही, हेही मला त्या पानावरूनच कळलं.

मेमरी शिल्लक असताना 'मेमरी मिळत नाही' म्हणत असेल, तर एममॅपचे (सिस्टिमकडे मेमरी मागायच्या कॉलचे) फ्लॅग बघा. गो हीपसाठी (प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या मेमरीसाठी) ६४ एमबीचे पट्टे मागते, त्यातलं बरंचसं नुसतं राखून ठेवायला. लिनक्स असल्या मागणीला डोळे झाकून हो म्हणतं. हायकू मात्र खरंच तेवढी मेमरी बाजूला काढायला जाते, 'राखीव नको' हा फ्लॅग नसेल तर. तो हायकूत हेक्स १० आहे, आणि लिनक्सचा १० म्हणजे 'याच पत्त्यावर दे'.

सगळं चालतंय, पण अर्ध्या तासाने कधीतरी पडतं? गोडिबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये असिंकप्रीएम्प्टऑफ=१ ठेवून चालवा. १.१४ पासून गो चालत्या गोरुटीनला सिगअर्ज हा सिग्नल पाठवून मध्येच थांबवते, आणि त्यासाठी सिग्नलसोबत आलेले रजिस्टर वाचते, बदलते. पडणं थांबलं तर त्या रजिस्टरांची मांडणी चुकलीय. पुन्हा तो सी प्रोग्रॅम काढा.

पहिला प्रोग्रॅम लिहिताना एफएमटी हे छापायचं पॅकेज वापरू नका. भाषेतच असलेलं प्रिंटएलएन घ्या, ते कमीत कमी यंत्रणेवर चालतं. तेही उमटलं नाही तर हायकूचं एस-ट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावा आणि शेवटचा कॉल कोणता झाला ते बघा. माझ्याकडे सध्या नेटवर्कच्या टेस्ट लटकतायत. कुठल्या सॉकेटवर डेटा आला ते सांगणाऱ्या लिनक्सच्या ईपोलच्या जागी साध्या पोलवर काम भागवलंय, एआयएक्सवाल्यांनी केलंय तसं, आणि झोपलेल्या पोलला उठवायचा पाइप कुठेतरी अडकतोय. पुढच्या शनिवारी तोच.