कोकणातलं जुनं कौलारू घर: दुरुस्ती, नवी खोली आणि न्हाणीतलं गरम पाणी

कोकणात घराचं आयुष्य पाणी ठरवतं. वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. त्यात समुद्राकडून येणारी खारी हवा आणि जोत्यातून वर चढणारी ओल. म्हणून घर दुरुस्त करताना किंवा वाढवताना प्रत्येक निर्णयाआधी एकच प्रश्न विचारायचा: इथे पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार? टाइल्सचा रंग आणि मॉड्युलर किचन नंतर बघता येतं.

सुरुवात जुलैत करा

मुंबई-पुण्याची मंडळी बहुतेक मे महिन्यात घर बघतात, मेस्त्रीला बोलावतात आणि अंदाज घेतात. मे महिन्यात कुठलंही घर ठणठणीतच दिसतं. खरी तपासणी भर पावसात होते. हातात बॅटरी आणि खडू घ्या, घरभर फिरा आणि ओल दिसेल तिथे खूण करा. ओल वरून खाली उतरत असेल तर दोष छपराचा. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत भिंत ओली आणि वर कोरडी असेल, तर ती जमिनीतून येते. फक्त नैर्ऋत्येकडची भिंत मधोमध भिजत असेल तर ती झड आहे. तिथे भिंतीला हात न लावता पडवी किंवा छपराची वळचण वाढवली की काम होतं. तीन दुखणी वेगळी आणि उपायही वेगळे. सरसकट वॉटरप्रूफिंगचा डबा लावून यातलं एकही बरं होत नाही.

खळ्यातलं, म्हणजे अंगणातलं, पाणी कुठे साचतं, पागोळ्यांचं पाणी जोत्याला लागून मुरतं का, तेही बघून ठेवा. पुष्कळ घरांची ओल नुसता एक नीट उताराचा गटार काढल्याने निम्मी होते.

पाऊस ओसरला की लाकूड तपासा. वासा सहसा मधे आधी कुजत नाही. भिंतीत शिरतो त्या टोकाला कुजतो. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला, तर ते टोक गेलं.

कागद

सातबारा, 8अ आणि ग्रामपंचायतीचा घराचा असेसमेंट उतारा काढून घ्या. पुष्कळदा उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असतं. आधी वारसनोंद, मग बांधकाम. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, त्यामुळे आत्या-बहिणींची संमतीही लेखी घ्या. घर फक्त गणपतीला उघडत असलं तरी ते सगळ्यांचं असतं. पुढे होणारा मनस्ताप या एका कागदाने टळतो.

घर समुद्र किंवा खाडीजवळ असेल तर सीआरझेडची (किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची) रेषा कुठून जाते ते चौकशी करून समजून घ्या. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती आणि नवी वाढ, यांचे नियम तिथे वेगळे आहेत. परवानगीशिवाय पाया खणू नका.

छपराला सर्वात जास्त वेळ द्या

मंगलोरी कौलं चांगली असतील तर ठेवाच. उतरवून, घासून, उन्हात वाळवून पुन्हा चढवता येतात. फुटकी तेवढी बदला, आणि शंभरेक जास्तीची कौलं पडवीत रचून ठेवा. त्या मापाची, त्या साच्याची कौलं पुढे मिळतीलच असं नाही.

लाकडाबद्दल एक गोष्ट जुनी माणसं सांगतात आणि ती खरी आहे. चुलीचा धूर वर्षानुवर्षं वाशांवर बसत असे, त्यामुळे किडा आणि वाळवी लाकडाजवळ फिरकत नव्हती. घरात गॅस आला, चूल विझली आणि धुराचं ते संरक्षण गेलं. म्हणून कौलं उतरवली असतील तेव्हाच आढं, वासे, रिपा या सगळ्यांना वाळवीचं औषध आणि तेलाचा हात द्या. ही संधी पुन्हा दहा-पंधरा वर्षं येत नाही. नवा वासा घालायचा तर साग, ऐन किंवा किंजळ, पूर्ण सुकलेला. स्वतःच्या आवारातला साग असला तरी तोडायला वन विभागाची परवानगी लागते, हे आधी करून घ्या.

लोखंडी सांगाडा हल्ली भराभर उभा राहतो. किनाऱ्यापासून दूर, सड्यावर (खडकाळ पठारावर) किंवा घाटाच्या पायथ्याशी तो चालेल. समुद्राच्या वाऱ्यात साधं लोखंड लवकर गंजतं. घ्यायचंच तर गॅल्व्हनाइझ केलेलं (जस्ताचा थर दिलेलं) घ्या, आणि वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावर झिंकचा रंग द्या. गंज तिथूनच सुरू होतो.

3 जून 2020 चं निसर्ग आणि मे 2021 चं तौक्ते, या दोन वादळांनी किनाऱ्यावरची किती छपरं नेली ते आपण पाहिलं. वारा कौल उचलतो तो वळचणीकडून आणि आढ्याकडून. म्हणून या दोन्ही ठिकाणच्या ओळी तांब्याच्या किंवा गॅल्व्हनाइझ तारेने रिपांना बांधा, आणि भिंतीवरचं लाकूड पट्ट्यांनी भिंतीत जखडून घ्या. खर्च किरकोळ आहे. हे काम मेस्त्री आपणहून करेलच असं नाही, त्याला सांगावं लागतं.

माजघराला फॉल्स सीलिंग करायचा विचार असेल तर माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळा-पानांची चौकट) कुठे बांधणार ते आधी ठरवा. गणपतीच्या डोक्यावरच्या वाशांचे हूक झाकून टाकले की भाद्रपदात सीलिंग फोडायची वेळ येते.

भिंती आणि जमीन

जांभा, म्हणजे इथला तांबडा दगड, खाणीतून काढतो तेव्हा मऊ असतो आणि हवेत राहून कडक होतो. तो ओल पितो, तशी सोडतोही. जुन्या चिऱ्याच्या (जांभ्याच्या घडीव दगडाच्या) भिंतीवर सिमेंटचा जाड गिलावा चढवला तर आतली ओल बाहेर पडू शकत नाही. ती वर चढते आणि गिलावा फुगून पोपडे निघतात. आतून चुन्याचा गिलावा करा, बाहेरून सांधे नीट भरून चिरा उघडा ठेवा. माझ्या मते दिसायलाही याहून सुंदर काही नाही.

शेणाच्या जमिनीवर थेट लादी बसवू नका, ती पावसाळाभर घामेजते. माती खणून चिऱ्याच्या कपच्यांची भर घाला, चोपा, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, मग चार इंच काँक्रीट आणि त्यावर लादी.

नवी खोली जोडताना

नव्वद टक्के भांडण या एका सांध्याचं असतं: जुनं कौलारू पाखं (छपराची उतरती बाजू) जिथे नव्या स्लॅबला भेटतं. पाख्याचं सगळं पाणी स्लॅबच्या कोपऱ्यात ओतलं जातं आणि जुन्या भिंतीत उतरतं. दोन मार्ग आहेत. नव्या खोलीलाही कौलारू छप्पर करा आणि ते जुन्या वळचणीच्या खाली सरकवा, म्हणजे वरचं पाणी खालच्या कौलांवरून सरळ खळ्यात जाईल. नाहीतर नवी खोली चार-पाच फूट लांब उभी करा आणि मधे छोटी झाकलेली वाट ठेवा. मला दुसरा मार्ग जास्त पटतो. जुन्या पायाला धक्का लागत नाही, आणि नवा पाया थोडा खचला तरी दोन्ही घरांना तडे जात नाहीत.

स्लॅब घालायचाच तर किनाऱ्यालगत काँक्रीट एम-30 या मजबुतीच्या प्रतीपेक्षा कमी नको आणि सळीवरचं आवरण 45 मिलिमीटर हवं. भारतीय मानक 456 मध्ये किनारी हवेसाठी हेच सांगितलं आहे. कव्हर ब्लॉक (सळीखाली ठेवायचे ठोकळे, ज्यांनी ते आवरण राखलं जातं) मापाचे आहेत का ते स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी स्वतः बघा. खाडीची खारी रेती कितीही स्वस्त मिळाली तरी नको, तिच्यातलं मीठ सळी आतून खातं. कोयनेचा 1967 चा भूकंप इथल्या लोकांच्या आठवणीत आहे, तेव्हा जोत्यावर आणि खिडक्यांच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा फिरवून घ्या.

संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून 50-60 फुटांच्या आत नको आणि उताराला वरच्या अंगाला तर मुळीच नको. जांभ्यातून पाणी फार वेगाने झिरपतं.

पाणी कशावर तापवायचं?

खोली गरम करायची गरज कोकणात नाही. तापवायचं ते अंघोळीचं पाणी, आणि त्याची सोय भिंती उघड्या असतानाच करायला हवी.

हिशोब साधा आहे. पाच माणसांचं 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 45 वर न्यायला साधारण 2.3 युनिट वीज लागते. तेच गॅसवर केलं तर 14.2 किलोचा सिलिंडर सुमारे दोन महिने पुरेल. ऑक्टोबर ते मे हे काम सूर्य फुकट करतो, म्हणून सोलर हीटरचा विचार आधी करा. त्याची टाकी पाण्याने भरली की फार जड होते. ती कौलांवर कधीच ठेवू नका, नव्या खोलीच्या स्लॅबवर किंवा अंगणातल्या स्वतंत्र स्टँडवर बसवा. माडाच्या खाली तर नकोच. सावली पडते, आणि एक नारळ काचेच्या नळ्यांचा चुरा करतो. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर टाकीत मॅग्नेशियमची कांडी (टाकीऐवजी स्वतः झिजणारी) आहे का विचारा, आणि ती झिजली की बदला.

पावसाळ्याच्या चार महिन्यांना दुसरी सोय लागते. विजेचा साठवणीचा गिझर सर्वात सोपा. त्याला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट, जाड वायर आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा. सड्यावरची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि अर्थिंग कुचकामी होतं, म्हणून अर्थिंगचा खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ घ्या. गॅसचा गिझर बंद न्हाणीत कधीही बसवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि अंघोळ करतानाच माणूस बेशुद्ध पडून जीव जातो. तो बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत हवा.

न्हाणीबाहेरची चूल आणि तांब्याचा हंडा मात्र मोडू नका. वादळ झालं की वीज दिवसेंदिवस येत नाही, आणि सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, झावळ्या आवारात पडलेल्याच असतात. फक्त तिला धुरांडं करून घ्या, म्हणजे बाईमाणसांच्या डोळ्यांना आणि छातीला धूर लागणार नाही. गरम पाण्याची पाइप सीपीव्हीसीची (उष्णता सोसणाऱ्या पीव्हीसीची) घ्या, साधी पीव्हीसी मऊ पडते.

कामाचा क्रम

दसऱ्याला पाया, डिसेंबरअखेर भिंती, फेब्रुवारी-मार्चमध्ये छप्पर. एप्रिलनंतर कौलं उघडी ठेवू नका, वळवाचा पाऊस सांगून येत नाही आणि मे महिन्यात सगळे गवंडी आंबा-काजूत आणि लग्नसराईत अडकलेले असतात. मृगाआधी छप्पर, पन्हळी आणि गटार पूर्ण हवेत.

रंग मात्र त्या वर्षी देऊ नका. पहिला पावसाळा घराला उघडाच काढू द्या, जुलैत पुन्हा खडू घेऊन फिरा, नव्या खुणांची दुरुस्ती दिवाळीनंतर करा आणि भिंती पूर्ण सुकल्या की जानेवारीत रंगवा.